बोलावूनही येत नाहीत म्हणालीस ना, त्याबद्दल

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की आई, आम्ही सगळ्यांना बोलावतो गं, घरोघरी जाऊन सांगतो, ग्रुपवर मेसेज टाकतो, पण ज्या मुली यायला हव्यात नेमक्या त्याच येत नाहीत. तेव्हा तू घाईत होतीस म्हणून मी काही बोलले नाही, पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबेल बहुतेक, सवडीनं वाच.

आधी एक सांगू दे. तुम्ही पोरींनी मिळून रविवारचा वर्ग काढलात, शाळा सुटलेल्या मुलींना परत दहावीला बसवायचं मनावर घेतलंत आणि त्यात तुला सगळ्यांनी पुढे केलं, याचं मला फार कौतुक आहे. कौतुक मनात ठेवायची मला सवय आहे हे तुला माहितीये, पण आज स्पष्ट लिहिते, अभिमान वाटतो तुझा. आणि अभिमान वाटतो म्हणूनच पुढचं सांगावंसं वाटतं.

बोलता बोलता तू आणखी एक गोष्ट सांगून गेलीस, तुझ्या लक्षातही नसेल. एक मुलगी दोनदा आली होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन, तो मध्येच रडायला लागला की ती उठून दारात जाऊन उभी राहायची आणि तिथूनच फळ्याकडे बघायची. मग तुमच्यातल्या कुणीतरी तिला म्हटलं की लहान मुलांना आणू नकोस, बाकीच्यांना डिस्टर्ब होतं. तिसऱ्या रविवारी ती आली नाही. बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. ती आली होती की गं, दोनदा आली होती. दीड-दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन तास-तासभर दारात उभं राहणं म्हणजे काय हे तुला मी काय सांगू, जिला शिकायचं नसतं ती असं करत नाही.

तुला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ माहीत आहेत, निदान नावानं तरी. पण त्यांनी नेमकं काय केलं ते बघ. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली गरिबांची, तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांची पोरं बालवाडीत येईनात. आता यावर एक उत्तर तयारच असतं, की त्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. या दोघींनी ते उत्तर घेतलंच नाही. पोरं येत नाहीत तर आपण जाऊ म्हणाल्या आणि बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली. तिथेच पोरांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. महागडी साधनं नव्हती, तर पानं, बिया, शिंपले, दगड जे हाताशी मिळेल त्यातून मोजायला आणि ओळखायला शिकवायचं. आज देशभर ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो ती कल्पना या अंगणातून आली, सरकारची योजना १९७५ ला आली, म्हणजे तीस वर्षांनंतर.

पण मला त्याहून जास्त आवडते ती पुढची गोष्ट. १९५७ मध्ये त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या भागात. तिथे मोठी मुलं शाळेत येईनात, कारण घरी धाकटी भावंडं सांभाळायची असायची. बघ हं, अगदी तुमच्या दारातली मुलगी. तर यांनी काय केलं, पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, म्हणजे ताईनं यायचं ते तान्ह्याला घेऊनच, तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात. विकासवाडी म्हणायचे त्याला. आणि जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा, गुरं जिथे चरतात तिथेच शाळा! मला हे वाचताना दर वेळी भरून येतं, खरंच. कारण ही काही मोठ्या पैशाची किंवा फार हुशारीची गोष्ट नाहीये, फक्त पोरगं का येत नाही हे जाऊन बघितलं आणि जे कारण दिसलं त्याप्रमाणे शाळा बदलली, पोराला बदल म्हणाल्या नाहीत. अनुताई स्वतः तेराव्या वर्षी विधवा झालेल्या होत्या, शिक्षणासाठी काय काय सोसावं लागतं हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

तुमचा नियम बघ. सगळ्यांना एकच वेळ, रविवारी सकाळी दहा, सगळ्यांना एकच अट, सगळ्यांना फुकट. वरून बघितलं तर किती सरळ नियम, कुणावर अन्याय नाही. पण रविवारी सकाळी दहाला जिच्या घरी आई कामावर गेलेली असते, पाणी भरायचं असतं, भाऊ सांभाळायचा असतो, तिला तो नियम आणि जी चहा पिऊन मोकळी असते तिलाही तोच नियम, मग दोघींना सारखं दिलं असं कसं म्हणायचं? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती याचसाठी ना, दिवसा राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येणार कधी?

सावित्रीबाईंचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. ३ जानेवारीला आणि ८ मार्चला त्यांच्या फोटोला हार घालतात, भाषणं होतात, शेण-चिखल अंगावर घेतला ते सांगतात, आणि ते सांगायलाच हवं, पण मला वाटतं रस्त्यावरच्या लोकांपेक्षा घरातल्या लोकांना तोंड देणं जास्त अवघड. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारी होत्या म्हणून माहेरी नायगावला होत्या आणि तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलंय. त्यात भावाशी झालेलं बोलणं आहे. भाऊ म्हणतो की तुम्ही दोघं महार-मांगांसाठी कामं करता, कुळाला बट्टा लावता, तुम्हाला वाळीत टाकलं तेच योग्य, जातीच्या रूढीप्रमाणे वागा. आणि पंचवीस वर्षांची बहीण त्याला उत्तर देते, की तुम्ही गाई-बकऱ्यांना जवळ घेऊन कुरवाळता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, आणि महार-मांग तुमच्यासारखीच माणसं असताना त्यांना अस्पृश्य समजता, याचं कारण सांगा. आजारी, माहेरात, आई समोर बसलेली, आणि तरी गप्प बसल्या नाहीत. त्याच पत्रात फातिमाचा, म्हणजे त्यांच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांचा, उल्लेख आहे, मी इथे असल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही अशा अर्थाचा. माझं मन त्या ओळीवर फार रेंगाळतं. एकटी बाई लढली असं आपण सांगत राहतो, पण मागे शाळा सांभाळणारी दुसरी बाई होती म्हणून तर पहिलीला आजारपणात चार दिवस माहेरी जाता आलं. तुझ्याही मागे कोण आहे ते बघ, त्यांची नावं घेत जा, सगळ्यांसमोर घेत जा.

तुझ्या त्या मावशीकडच्या लोकांचं बोलणंही मी ऐकलंय, की कशाला त्या वस्तीत जाते, लग्नाचं बघा आता. मी त्यांना काय सांगायचं ते सांगितलं आहे. तू तुझ्या पद्धतीनं सांग, आवाज चढवायची गरज नाही, पण मुद्दा सोडू नकोस.

आता जरा अवघड गोष्ट. बायकांच्या संस्था, बायकांची मंडळं, सगळ्या चांगल्याच असतात असं नाही गं. जाईबाई चौधरी म्हणून होत्या नागपूरला, दलित समाजातल्या. लहानपणी डोक्यावर ओझी वाहिलेली बाई, मिशनरी बाईंच्या मदतीनं शिकली, शिक्षिका झाली, तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून लोकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. मग तिनं १९२० च्या दशकात स्वतःची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावाची, आपल्या समाजातल्या मुलींसाठी. आणि १९३७ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, शिकल्या-सवरलेल्या, स्त्रियांच्या हक्कांवर ठराव करणाऱ्या बायकांची परिषद, तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं लांब बसवलं. म्हणजे व्यासपीठावर स्त्रियांची उन्नती आणि पंगतीत हे. दलित बायकांनी १ जानेवारी १९३८ ला सभा घेऊन याचा निषेध केला आणि पुढे २० जुलै १९४२ ला त्याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद घेतली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या, बाबासाहेब आले होते. ठराव वाच त्यांचे कधीतरी. घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरणीत आणि विडीच्या कामावर जाणाऱ्या बायकांना रजा मिळावी, मुलींसाठी वसतिगृहं हवीत. काय मागायचं हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही, सगळं रोजच्या जगण्यातून आलेलं होतं.

हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्या मुली साधारण एकाच प्रकारच्या घरातल्या आहेत, मी फोटो बघितले. त्यात वाईट काही नाही, सुरुवात अशीच होते. पण वर्गाची वेळ कुणी ठरवली, विषय कुणी ठरवले, लहान मुलं आणायची नाहीत हे कुणी ठरवलं? ज्यांच्यासाठी वर्ग आहे त्यांच्यातली एक तरी मुलगी त्या मीटिंगला होती का? दाराशी पायरी केवढी आहे हे कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलीला विचारलं का? तू सांगितलं होतंस एक तशी मुलगी आहे म्हणून.

पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या आयोगापुढे, साक्ष दिली तेव्हा त्या २४ वर्षांच्या होत्या, तुझ्यापेक्षा जेमतेम मोठ्या. साहेबापुढे त्यांनी सांगितलं की या देशातले शिकलेले पुरुष शंभरात नव्व्याण्णव वेळा स्त्रीशिक्षणाच्या विरोधात असतात, शिक्षिकेची बारीकशी चूक दिसली की राईचा पर्वत करतात, म्हणून मुलींच्या शाळा तपासायला बायकाच नेमा, आणि बायकांना डॉक्टर होऊ द्या. नुसतं शिक्षण द्या म्हणाल्या नाहीत, तर अडतं कुठे ते बोट ठेवून दाखवलं. मला असली माणसं आवडतात.

आणि मुक्ता साळवे! फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली चौदा वर्षांची पोर, १८५५ मध्ये ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्यात तिनं लिहिलंय की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील. चौदा वर्षांची मुलगी! हे तिच्या बाईंना तिच्याइतकं माहीत असणं शक्य नव्हतं, तिनं ते बघितलेलं होतं. बाईंचं मोठेपण हे की त्यांनी तिच्या वतीनं भाषण केलं नाही, तिच्या हातात लेखणी येईपर्यंत शिकवलं.

आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सुरुवातीला कितीतरी ठिकाणी बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, आजही आहे तसं. पण ज्या बाया दोन-चार मीटिंगांनंतर स्वतः बोलायला लागल्या त्यांनी गावात पहिल्यांदा कुठले विषय काढले बघ, पाणी, शाळेतलं मुलींचं संडास, दारूचं दुकान. खुर्चीवर बसल्याशिवाय बोलायचं धाडस येत नाही आणि धाडस नाही म्हणून खुर्ची देत नाहीत, हे चक्र कुणीतरी तोडावंच लागतं.

तर माझं म्हणणं एवढंच की पुढच्या रविवारी वर्ग नाही घेतला तरी चालेल. तुम्ही दोघी-तिघी त्या भाऊ सांभाळणाऱ्या मुलीच्या घरी जा, आणि येत का नाहीस असं विचारू नका, ते विचारलं की माणूस खाली मान घालतं. तुला कुठली वेळ सोयीची, कुठे बसायचं, भाऊ कुठे खेळेल, असं विचारा. जमलं तर वर्गच तिच्या गल्लीत भरवा. तुमच्यातली एक जण फक्त लहान मुलांकडे बघेल असं ठरवा, आळीपाळीनं, आणि त्या कामाला कमी समजू नका. तीन-चार मुली नियमित झाल्या की त्यातल्या एकीला मीटिंगला बसवा, ऐकायला नाही, ठरवायला. ती पहिल्यांदा काही बोलणार नाही, थांबा तिच्यासाठी. तुला पटकन पुढचं बोलायची सवय आहे, माझ्याकडूनच आलीये, ती जरा आवर.

मी पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा आठ दिवस राहीन. लहान मुलांचं काम मला द्या, मला जमतं आणि आवडतं. तुझी जुनी चित्रांची पुस्तकं माळ्यावरून काढून ठेवलीत, रंगीत खडूही घेऊन येईन. त्या मुलीचं काय झालं ते मात्र मी येईपर्यंत थांबू नकोस, भेटून आलीस की त्याच दिवशी फोन कर.

तुझी,
आई