मर्दा, एक सांगायचं राहिलंय

सांगली
रविवार, रात्रीचे साडेअकरा

सुन्या लेका,

दिवाळीपासनं तुला एक फोन नाही, मेसेज नाही, शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे. आई बरी आहे, गुडघे सोडून. मी पण बराच म्हणायचं. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे आक्काकडनं कळलं, पोरीचं दहावीनंतरचं काय ठरलं ते कळव सावकाश. मला आधी हे ओकू दे. हिला सांगितलं तर ती हसत सुटली आणि मन्याला सांगायची सोय नाही, का ते पुढं कळेल.

झालं असं की मागच्या महिन्यात मिरजेला निघालो, गाडीत बसून सीटबेल्ट ओढला आणि डाव्या छातीत असली कळ गेली की बेल्ट तसाच सोडून दिला. चाचपून बघतोय तर बरोबर बोंडीखाली चकतीसारखं काहीतरी, जुन्या रुपयाएवढं, दाबलं की ठणका. झालं. रात्री दोनपर्यंत फोनवर हेच शोधत. पुरुषांनापण ब्रेस्ट कॅन्सर होतो हे तुला माहीत होतं का? होतो, पण शंभरात एकसुद्धा नाही, बाकी सगळ्या बायकाच. पण रात्री दोनला तो शंभरातला एक आपणच असतोय.

मग मिरजेला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. काउंटरवरची पोरगी फॉर्म हातात घेऊन विचारती, ‘पेशंट कुठायत? आत पाठवा त्यांना.’ मी म्हणलं मीच. ती एकदा फॉर्मकडं बघती, एकदा माझ्याकडं, आणि मागं बाकड्यावर सहा बायका. त्यातल्या एका म्हातारीनं सरकून जागा दिली आणि म्हणाली, ‘बसा, काय होत नाही.’ तिनं नसतं म्हणलं तर मी पळालो असतो बघ.

कॅन्सर नाही. गायनेकोमास्टिया म्हणतात, पुरुषाच्या छातीतली ग्रंथी वाढती. हार्मोनच्या डॉक्टर मॅडम आपल्या भाचीच्या वयाच्या. पहिला प्रश्न, कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी म्हणलं कुठल्याच नाहीत. मॅडम गप्प बसून बघत राहिल्या. मग सांगितलं, केसांची एक घेतो, फिनास्टेराइड, दोन वर्षं झाली. हस आता. तू मला ‘माळरान’ म्हणालास ना बारशात, त्याच आठवड्यात चालू केलेली, हिला पण माहीत नव्हतं. त्या गोळीनं टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, एक वाट बंद होती, केस गळवणारी, मग उरलेला माल दुसऱ्या वाटेला जायला मोकळा. काहीजणांना त्यानं छाती येती. म्हणजे मर्दा, तरणं दिसायला गेलो आणि हे घेऊन आलो.

दुसरी वाट म्हणजे इस्ट्रोजेन. मला वाटायचं ते बायकांचं. तर तसं नाही, आपल्यातपण असतंय आणि ते आपल्याच टेस्टोस्टेरॉनपासनं तयार होतंय. अरोमाटेज नावाचं एन्झाइम आहे, ते चरबीत भरपूर. म्हणजे पोट हे गुऱ्हाळच की, इकडनं रस, तिकडनं गूळ. आणि माझं गुऱ्हाळ तुला माहितीय, ९८ किलो. शनिवारची बैठक पण निघाली त्यात, लिव्हर बिघडलं तरी हे गणित बिघडतंय म्हणून त्याचीपण तपासणी झाली. ते ठीक निघालं, देवाची कृपा, माझी अक्कल नव्हे.

रिपोर्टचा वेगळाच तमाशा. मी शहाणपणा करून आधीच दुपारी चारला, मिसळ हाणून रक्त देऊन आलेलो. टेस्टोस्टेरॉन २३८. तीनशेच्या खाली म्हणजे कमी, माझं तर तोंडच उतरलं. मॅडम म्हणाल्या हा कागद ठेवा बाजूला, हे सकाळी उपाशीपोटी बघायचं असतंय, तेव्हा ते जास्त असतंय, आणि तेपण दोनदा. सकाळी आठचे आले ३७२ आणि ३८५. इस्ट्रोजेन जरा चढलेलं. मी म्हणलं मग इस्ट्रोजेन पार शून्य करायची गोळी द्या. तर त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली, १९९४ साली छापून आलेली. २८ वर्षांचा गडी, टेस्टोस्टेरॉन झकास, पण त्याच्या अंगाला इस्ट्रोजेन कळतच नव्हतं. उंची २०४ सेंटिमीटर आणि त्या वयात अजून वाढतच होता, हाडांची टोकं बंदच झाली नव्हती. आणि तीच हाडं आतनं ठिसूळ. पुरुषाच्या हाडाला बायकांचं हार्मोन लागतंय, आता बोल.

जिमवाला म्हणतोय इंजेक्शन घ्या सर, महिन्यात फरक. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या बाहेरनं घातलं की मेंदू म्हणतो आता आमची गरज नाही, मग आतलं उत्पादन बंद, गोट्या बारीक, शुक्राणू खलास, आणि गुऱ्हाळ मोठं असेल तर त्यातलंपण थोडं गुळातच जाणार. सध्या गोळी बंद, बैठक बंद, सकाळी आमराईत चार फेऱ्या, तीन महिन्यांनी दाखवायचं. ठणका कमी आलाय.

आता खरं. मॅडमनी सहज सांगितलं की वयात येताना निम्म्या पोरांना हे थोडंफार होतंच, वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. मला तिथंच तू दिसलास. नववीची मे महिन्याची सुट्टी, विष्णू घाट, सगळे उघडे आणि तू बनियन घालून पाण्यात. ओलं झाल्यावर ते अंगाला चिकटायचं आणि तू हात आडवे धरून पायऱ्यांवर बसायचास. तुला ‘मावशी’ म्हणायला लागले ते मन्यामुळं असं तू आजपर्यंत धरून चाललायस. त्याच्या लग्नाला आला नाहीस, त्याचे वडील गेले तेव्हा मलाच पाठवलंस. ते मन्यानं नाही ठेवलं सुन्या. मी ठेवलं. मन्या फक्त मोठ्यानं ओरडला पुलावरनं, आणि त्याचाच आवाज तुला ऐकू आला. मी तुझ्या शेजारी पोहत होतो आणि गप्प बसलो, आणि मग तेहतीस वर्षं गप्पच बसलो.

त्या मिरजेच्या बाकड्यावर मी पण हात आडवेच धरून बसलो होतो.

मन्याला अजून सांगितलेलं नाही. तो अजून विचारतो, सुन्याला माझं काय एवढं लागलं. फोन मी लावू का तू लावतोस? नंबर तोच आहे त्याचा.

तुझा,
पक्या

ता. क. भडंग कुरियरनं पाठवलंय, दोन किलो, एक तिखट एक कमी. कुरियरवाल्याचा फोन उचल, मागच्या वेळेसारखं परत पाठवू नको.