आमवाताला ‘बायकांचं दुखणं’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रात आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार) माहिती आली की शेजारी मनगट धरून बसलेल्या बाईंचं छायाचित्र ठरलेलं. चित्र खोटं नाही, पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना हा आजार होतो. पण त्यावरून पसरलेल्या समजुतीनं आमच्या घरात दोघांचं नुकसान केलं, म्हणून हे पत्र.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सकाळी माझी बोटं आखडायला लागली. कणीक तिंबता येईना, दहा वाजेपर्यंत मूठ वळेना. डॉक्टर म्हणाले, पाळी जायचं वय आहे, बायकांचं असं दुखतंच. आठ महिने कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या. चार वर्षांनी धाकट्या भावाची दोन्ही मनगटं सुजली. त्याला दुसऱ्या दवाखान्यात ऐकवलं, ‘पुरुषमाणसाला कुठला आमवात, युरिक ॲसिड असणार.’ डाळी बंद, पालक बंद, टोमॅटोसुद्धा बंद (तो का, ते शेवटपर्यंत कळलं नाही). वर्षानं कुणीतरी अँटी-सीसीपी (आमवातात रक्तात सापडणारी प्रतिपिंडं) तपासायला लावलं आणि खरं काय ते निघालं. तोवर उजव्या हाताच्या एका बोटाचा सांधा कायमचा वाकला होता. या आजारात पहिले काही महिनेच मोलाचे असतात.

मग मी वाचायला घेतलं. आमवाताशी सगळ्यात घट्ट नातं असलेलं जनुक, एचएलए-डीआरबी१, सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या धोका वाढवणाऱ्या प्रकारांमधला सारखा तुकडा पीटर ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिला. सहावं गुणसूत्र मुलाला आणि मुलीला सारखंच मिळतं, आईकडूनही आणि बापाकडूनही. म्हणजे वारशाचा हा मोठा वाटा बाई-पुरुष बघत नाही. आमच्या आत्याची बोटं वाकडी होती. ‘बाळंतपणात वारं लागलं’ एवढंच लहानपणी ऐकलेलं. वडील ठणठणीत होते, पण आम्हा भावंडांकडे हे बहुधा त्यांच्यामार्फतच आलं. दवाखान्यात मला आईचं आणि मावशीचं विचारलं, आत्याचं कुणीच नाही.

मग बायकांना जास्त का? एक संशय एक्स गुणसूत्रावर आहे. प्रतिकारशक्तीची बरीच जनुकं त्यावर असतात. बाईच्या पेशीत दोन एक्स, त्यातलं एक बंद होतं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. पण ते पुरतं बंद होत नाही, काही जनुकं चालूच राहतात. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक्स बंद करणाऱ्या रेणूवरच बोट ठेवलं. मात्र त्यांचे उंदरांवरचे प्रयोग ल्युपससारख्या (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच) आजाराचे होते, ते आमवाताला जसेच्या तसे चिकटवू नयेत. दुसरा भाग संप्रेरकांचा. गरोदरपणात पुष्कळ जणींचा आमवात शांत होतो, बाळंतपणानंतर उसळतो. आणि साठीनंतर बाई-पुरुषांतली तफावत कमी होत जाते.

भावाच्या बाबतीत मात्र सिगारेट विसरून चालणार नाही. पंचवीस वर्षं ओढली त्यानं. ज्यांच्यात एचएलए-डीआरबी१ जनुकाच्या दोन्ही प्रती धोक्याच्या आणि वर धूम्रपान, अशांना अँटी-सीसीपीसारखी प्रतिपिंडं असलेल्या आमवाताचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या २१ पट असल्याचं २००६ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं. उलट एकसारख्या जुळ्यांतही एकाला आमवात झाला, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच आहे. तेव्हा जनुकांच्या नावानं कपाळावर हात मारून घ्यायचंही कारण नाही.

हा आजार दुर्मीळ म्हणावा, तर आपल्याच जिल्ह्यात, भिगवणला, पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिच्यात आमवात सुमारे अर्धा टक्का लोकांत सापडला. दोनशे माणसांत एक. या हिशेबानं आमच्या साठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत एखादा रुग्ण निघायला हवा. आम्ही तर एकाच घरात दोघं.

पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा एखाद्या पुरुषाचाही हात दाखवा, एवढी विनंती. भावाची मुलगी २६ वर्षांची आहे. तिच्या आजोळी कुणालाच आमवात नाही, म्हणून घरचे निर्धास्त होते. तिला मी सांगून ठेवलंय, सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडायला लागली, की कॅल्शियम नको, आधी तपासणी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे