बारामोटेच्या विहिरीवर येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी आपण साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारामोटेची विहीर पाहायला जातोय. नाव बारा मोटांचं (मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी) असलं तरी मोटांच्या जागा पंधरा आहेत, काठावर फिरताना मोजून पाहा! बैल उतारावरून खाली गेले की मोट भरून वर यायची आणि पाणी पाटातून आमराईला जायचं.

आत शिलालेख आहे. वीरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724 या काळात विहीर बांधली, असं त्यावरून कळतं. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यावर खडू, पाणी, तेल काहीही लावायचं नाही. मागे एका सहलीत दुसऱ्या ठिकाणी असं झालेलं पाहिलंय, फार वाईट वाटलं होतं. उजेड तिरका पाडला की अक्षरं वाचता येतात; बॅटरी आणा.

विहीर सुमारे 110 फूट खोल आहे. मुलांचा हात सोडू नका, मोटेच्या दगडांवर उभं राहून फोटो नकोत. पाण्यात उतरायचं नाही, नाणी-निर्माल्यही टाकायचं नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवा.