‘हायब्रीड’ म्हणजे सौम्य नव्हे

मा. संपादक, स. न. वि. वि.

बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे विमानतळावर ‘हायड्रो’ गांजा सापडल्याच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. किती किलो आणि किती कोटींचा, एवढंच त्यात असतं. पुडीत नेमकं काय असतं ते कुठेच येत नाही. मी सोलापुरात २८ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि गेल्या दिवाळीत तशी पुडी माझ्याच घरात उघडायची वेळ आली, म्हणून लिहिते.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याच्या बॅगेत ती माझ्या बहिणीला सापडली. आत सुपारीएवढं हिरवट-जांभळं बोंड, त्यावर केशरी केस आणि पिठीसाखर भुरभुरल्यासारखी चमक. उघडताच लिंबाची साल सोलल्यासारखा वास आला, मग मिरी कुटताना नाकात जातो तसा झणका, आणि त्यामागून रबर जळाल्यासारखा दर्प. ती चमक राळेच्या ग्रंथींची. वास आणि नशा, दोन्ही तिथंच तयार होतात. लिंबाचा वास लिमोनिनचा आणि मिरीचा कॅरिओफिलिनचा, म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच द्रव्यं. मागचा दर्प गंधकयुक्त संयुगांचा; ती संयुगं रसायनशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये नेमकी ओळखली. पण ज्यानं नशा चढते त्या टीएचसीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. फळासारखा वास आला म्हणून माल सौम्य, हा हिशेबच चुकीचा आहे.

भाचा म्हणाला, “मावशी, हा हायब्रीड आहे, साठ टक्के इंडिका. इंडिकानं नुसती शांत झोप लागते.” (विकणारे गांजाच्या झाडाचे इंडिका आणि सटिव्हा असे दोन प्रकार सांगतात.)

हायब्रीड हा शब्द आपल्याकडे ज्वारीनं आणला. वडिलांनी हायब्रीड पहिल्यांदा पेरली तेव्हा मालदांडीची भाकरी खाणाऱ्या गावानं दोनच गोष्टी विचारल्या : हिचे आईबाप कोण, आणि उतारा किती? गांजालाही हेच विचारायला हवं. (हायड्रो म्हणजे मातीविना, खताच्या पाण्यावर वाढवलेला, हायब्रीड म्हणजे संकरातून आलेला. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात.) लामार्कनं १७८५ मध्ये ‘इंडिका’ हे नाव दिलं ते भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाणी, मेक्सिकन आणि कोलंबियन झाडांच्या संकरातून ‘स्कंक नंबर वन’ निघाला, आणि त्यानंतर संकरावर संकर होत गेले. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जनुकं तपासली तेव्हा विकणाऱ्यांनी सांगितलेलं इंडिका-सटिव्हाचं प्रमाण बऱ्याच वाणांत जनुकांशी जुळलं नाही. आपण भगवा डाळिंब गुटी कलमानं लावतो म्हणून प्रत्येक झाड आईसारखं येतं; त्याच डाळिंबाचं बी पेरलं तर काय निघेल याचा भरवसा नाही. पुडीवरच्या नावाचाही तसा भरवसा धरता येत नाही.

आता उतारा, म्हणजे नशेच्या द्रव्याचं प्रमाण. हे झाड एकाच मूळ द्रव्यापासून टीएचसी किंवा नशा न आणणारं सीबीडी यांची आम्लं बनवतं. एक वाढलं की दुसरं घटतं. संकर करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या टीएचसी निवडलं आणि सीबीडी जवळजवळ संपलं. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के. महाशिवरात्रीच्या भांगेचा दाखला घरोघर दिला जातो, पण भांग पानाची आणि हे बोंड फुलाचं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातली गांजाची व्याख्याही फुलोऱ्याचीच आहे.

आपल्या मेंदूतच गांजासारखं काम करणारं एक द्रव्य आहे. ते १९९२ मध्ये सापडलं आणि संस्कृत ‘आनंद’वरून त्याला आनंदमाइड नाव पडलं. टीएचसी त्याचीच जागा बळकावतं. थोडं असलं तर हसू येतं, भूक लागते. जास्त झालं की छाती धडधडते, भीती आणि संशय मन व्यापतात. घराण्यात मानसिक आजार असेल तर धोका आणखी मोठा, आणि आमच्या घराण्यात तो आहे. त्या रात्री भाच्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. परीक्षेच्या आधी खोलीतली मुलं आपल्यावर कट करताहेत असं वाटून दोन रात्री तो दाराला खुर्ची लावून तिच्यावर बसून होता. ज्याला आम्ही चौथीपर्यंत कडेवर घेऊन सिद्धेश्वरच्या यात्रेत काठ्या दाखवल्या, तो पोरगा. पुडी त्यानंच संडासात ओतली.

पहिल्या दवाखान्यात त्याला पोलिसांची धमकी देऊन परत पाठवलं. १९८५ च्या त्याच अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार स्वतः सेवन करणारा माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे मला चार दिवस कायदा वाचत बसल्यावर कळलं. प्रत्येक आईला ते आधीच माहीत असायला हवं होतं.

संपादक महोदय, एवढं कराच : बातमीत ‘उच्च प्रतीचा’ लिहू नका, तो शब्द मुलं जाहिरातीसारखा वाचतात. कोटींचा आकडा गाळा आणि त्या जागी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ छापा.

भाचा सध्या उपचार घेतो आहे. पाठवण्याआधी हे पत्र त्याला वाचून दाखवलं. खुर्चीचं मी गाळलं होतं; ते लिही, असं तोच म्हणाला.

— एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर
(भाच्यासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)