त्रिंकोमालीचे सुटे भाग

डोंबिवली,
दि. १४ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जाऊन काढलेली त्रिंकोमाली या जुन्या जहाजाची छायाचित्रे, दोन्ही पोचली. छायाचित्रे मी आठवडाभर भिंग घेऊन पाहतो आहे आणि पत्राचे उत्तर त्यामुळेच लांबले. पैसे मोजून आणलेल्या, जहाजाची छोटी प्रतिकृती बांधायच्या किटमधले भाग खोक्यात तसेच ठेवून तेच भाग मी हाताने का करत बसतो, असे तू विचारले आहेस. घरातही हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो, पण तिथे उत्तराची अपेक्षा नसते. तुला मात्र सविस्तर लिहितो.

आधी जहाजाविषयी. खोक्यावरचे नाव दुसऱ्याच फ्रिगेटचे, म्हणजे शिडाच्या युद्धनौकेचे आहे, पण ती त्याच लेडा वर्गातली, म्हणजे त्याच आराखड्यावर बांधलेली. १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच फ्रिगेटच्या आकारावरून हा वर्ग बेतलेला होता, आणि आपली त्रिंकोमाली त्यातलीच एक. तिच्या आराखड्यांचा पहिला संच ज्या 'जावा' जहाजातून मुंबईकडे निघाला होता, ते १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडले. दुसरा संच येऊन काम सुरू व्हायला आणखी काही वर्षे गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेले हे जहाज मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरले. लहानपणापासून ज्या गोदीच्या भिंतीबाहेरून मी बसने गेलो, तिथे मलबारच्या सागवानातून घडलेले जहाज आज तुझ्या घरापासून काही तासांवर तरंगते आहे, म्हटल्यावर खोक्यावरच्या नावाने ते बांधणे मला शक्य नव्हते.

किटचे माप एकास चौसष्ट, म्हणजे सुमारे १५० फुटांची तोफांची डेक माझ्या टेबलावर ७१ सेंटीमीटरची होते. काम सुरू करण्याआधी मी जाड पुठ्ठ्याचा एक माणूस कापला. साडेपाच फुटांचा खलाशी या मापात २६ मिलिमीटर भरतो. या पुठ्ठ्याच्या माणसाला मी किटमधल्या प्रत्येक भागाशेजारी उभे करून पाहिले, आणि तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच मिळाले. दोर बांधण्याच्या खुंट्या १० मिलिमीटरच्या दिलेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या ६४ सेंटीमीटरच्या, म्हणजे दोन फुटांहून लांब झाल्या, आणि माझा खलाशी त्यांच्यापुढे शाळकरी पोर दिसू लागला. कप्प्या दोनच आकारांच्या होत्या आणि दोर तीन जाडींचे, त्यांतला एक कोळशासारखा काळा व उरलेले दोन दुधासारखे पांढरे. भाग वाईट केलेले नाहीत, सफाई उत्तम आहे. पण कारखान्याला पाच-सहा आकारांत सगळे जहाज भागवायचे असते, आणि खऱ्या जहाजावर मात्र प्रत्येक दोराला त्याच्या ओझ्याप्रमाणे जाडी आणि जाडीप्रमाणे कप्पी असते. डोळ्याला जहाज खोटे वाटते ते इथे. खोदकाम कमी पडले म्हणून वाटत नाही.

म्हणून मी सर्वात आधी दोर करायला घेतले, आणि सर्वात मोठी चूकही तिथेच केली. जुन्या दोरांच्या तक्त्यांत '९ इंची दोर' असे लिहिलेले असते ते त्याच्या घेराविषयी, व्यासाविषयी नव्हे. मी व्यास धरून गणित केले आणि डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे सगळे दोर साडेतीन मिलिमीटर जाडीचे वळले, जेव्हा ते जेमतेम १.१ मिलिमीटरचे हवे होते. पंधरा दिवसांचे काम! पुठ्ठ्याच्या माणसाने त्यांतला एक दोर धरला, तेव्हा तो वडाची पारंबी धरून उभा आहे असे दिसले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसरी गंमत पिळाची. साधा तिपेडी दोर उजव्या पिळाचा असतो, म्हणजे उभा धरला तर त्याचे पेड डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात. बाजारातला शिवणाचा दोरा बहुधा आधीच उजव्या पिळाचा असतो, आणि असे तीन दोरे सरळ एकत्र वळले की तयार होणारा दोर डाव्या पिळाचा निघतो, कारण प्रत्येक टप्प्याला पीळ उलटा द्यावा लागतो. तसा दिला नाही तर दोर हातातून सोडताच उलगडतो. त्यामुळे मी आता दोन दोऱ्यांचा डाव्या पिळाचा एक पेड करतो आणि असे तीन पेड उजवीकडे वळतो. यंत्र म्हणशील तर एका टोकाला गिअर लावलेल्या तीन आकड्या, दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचे ड्रिल आणि मधे पेड वेगळे ठेवणारा, तीन खाचा पाडलेला लाकडी शंकू. हॉल ते स्वयंपाकघर एवढी लांबी लागते, म्हणून हे काम दुपारी सगळे झोपल्यावरच होते. डांबर लावलेल्या स्थिर दोरांसाठी काळ्याऐवजी गडद तपकिरी रंग वापरला, आणि एवढ्या एका बदलानेच जहाजाचे वय दोनशे वर्षांनी वाढले.

कप्प्यांसाठी लाकूड शोधताना मला आपल्याकडच्या झाडांची नव्याने ओळख झाली. हे जहाज सागवानाचे, म्हणून मीही आधी सागच घेतला. परंतु सागाची रेघ एवढी ठळक असते की चौसष्टाव्या हिश्शात ती फळीच्या रुंदीएवढी दिसते आणि कप्पीला भोक पाडताना कडा तुटतात. मग एका सुताराने काळा कुडा सुचवला. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच लाकडाची होतात. हस्तिदंतासारखे पांढरट, रेघ जवळजवळ न दिसणारे हे लाकूड अर्ध्या मिलिमीटरचे भोकही निमूटपणे सहन करते. कप्पीची लांबी दोराच्या घेराच्या तिप्पट, हा जुना ठोकताळा मी धरला आहे: ३ इंची दोराला ९ इंची कप्पी, म्हणजे माझ्या मापात साडेतीन मिलिमीटर. लांब पट्टीला आधी खाचा पाडायच्या, मग भोके, मग एकेक तुकडा कापून पॉलिश पेपर चिकटवलेल्या डब्यात घालून डबा हलवत बसायचे. दूरदर्शनवरच्या बातम्या त्यासाठी फार उपयोगी पडतात. बाहेरच्या आणि डेकच्या फळ्यांना हेदू घेतला आहे, जो पिवळसर, बारीक पोताचा आणि वाकायला समजूतदार असतो.

फळ्यांविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण तुझ्याकडचे किटही उघडण्याच्या बेतात आहे. माहितीपत्रकात लिहिलेले असते की नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, फळ्या एकमेकींवर येऊ लागल्या की जादा भाग कापून टाकावा. तसे करू नकोस. त्याने प्रत्येक फळी सुईसारखी टोकदार होते, आणि खऱ्या जहाजात अशा टोकात खिळा बसलाच नसता. प्रत्येक फासळीवर अंतर मोजून फळ्यांच्या संख्येने भागावे आणि फळी आधीच निमुळती करावी. रुंदी निम्म्याहून कमी होऊ लागली तर दोन फळ्यांची मिळून एक फळी करावी. फळी गरम पाण्यात भिजवून इस्त्रीच्या कडेवर वाकवली तर क्लॅम्प फारसे लागत नाहीत.

या फळ्यांवर त्या ठोकून बसवणाऱ्या लाकडी खुंट्यांची टोके दिसायला हवीत, आणि ती या मापात ०.६ मिलिमीटरची होतात. त्यासाठी आमच्या पेठेतल्या सोनाराकडचे तार ओढायचे जंतर मी मागून आणले. बांबूच्या काड्या त्याच्या एकेका लहान भोकातून ओढत नेल्या की धागा म्हणावा इतकी बारीक काडी निघते. जंतर लाकडासाठी हवे आहे हे ऐकून सोनाराने माझ्याकडे पाहिले ते पाहिलेच, पण दिले.

तळाच्या तांब्याच्या पत्र्यांना किटमध्ये उठावदार खिळे होते, एवढे मोठे की माझ्या पुठ्ठ्याच्या माणसाने त्यांवर पाय ठेवून जहाज चढावे. खरे पत्रे ४ फूट लांब व १४ इंच रुंद. मी त्यांच्या मापाने, १९ बाय साडेपाच मिलिमीटरचे, तांब्याच्या चिकटपट्टीचे तुकडे कापले आणि खिळे दाखवलेच नाहीत. एका बाजूला सातशेच्या आसपास तुकडे लागले. या कामात सांगण्यासारखे काही नाही, फक्त कंटाळा आहे.

सगळेच भाग मी बदललेले नाहीत, हेही तुला कळावे. तोफांच्या पितळी नळ्या लेथवर कातलेल्या आहेत आणि मला जन्मात तशा जमणार नाहीत, म्हणून त्या फक्त काळ्या केल्या. मुख्य डेकवर अठरा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या २८ तोफा, पण वरच्या डेकखाली बहुतेक झाकल्या जातात. मधल्या मोकळ्या भागातून दिसणाऱ्या आठ तोफांचेच गाडे मी नव्याने केले. कुणाला हा अप्रामाणिकपणा वाटेल. मला माझ्या डोळ्यांची काळजी आहे.

जे दिसणार नाही ते बदलायचे नाही, याला अपवाद एकच, आणि तो पूर्णपणे तर्काबाहेरचा आहे. त्रिंकोमालीच्या कण्यात, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईत, पारशी रिवाजाप्रमाणे रुप्याचा खिळा ठोकला होता. किटमधला कणा प्लायवूडचा एकसंध तुकडा होता. तो काढून मी हेदूच्या तुकड्यांचा, तिरकस सांधे घातलेला कणा केला, आणि जंतर परत करायला गेलो तेव्हा त्याच सोनाराकडून रुप्याच्या तारेचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा घेतला. त्याने पैसे घेतले नाहीत. तो खिळा कण्यात बसला आहे आणि वरून फळ्या लागल्या आहेत, त्यामुळे तो तिथे आहे हे आता आम्हा दोघांना आणि तुला ठाऊक आहे.

आता तुझ्याकडे एक काम. तुझ्या सातव्या छायाचित्रात मोठ्या डोलकाठीच्या पायथ्याशी दोर बांधायच्या खुंट्यांची चौकट दिसते, पण तिच्याजवळ कुणी उभे नसल्यामुळे उंची कळत नाही. पुढच्या खेपेस वहिनींना तिच्याशेजारी उभे करून एक छायाचित्र काढ आणि त्यांची उंची इंचांत लिहून पाठव. त्या रागावल्या तर माझे नाव सांग. तोवर मी ती चौकट चिकटवत नाही.

घरी सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
डोंबिवलीचा मित्र