‘पाय वढतेत’ कोणत्या प्रश्नात बसवायचं?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या पेपरात बारावीनंतर काय करायचं याची माहिती येते, त्यात सायकॉलॉजी, काउन्सेलिंग, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) सगळं एकाच चौकटीत कोंबलेलं असतं म्हणून लिहायलेय. मी बीएला मानसशास्त्र घेतलं होतं, आता एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्यांना अजून वाटतं पोरगी लोकांच्या मनातलं ओळखायला शिकायली. नुसतं एमए करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला वेगळा कोर्स लागतो, हे पण मला बीए झाल्यावर कळलं. आरसीआयचा कायदा 1992 चा, पण ॲडमिशनच्या टायमाला कुणी एक शब्द काढला नाही. जाऊ द्या, ते रडगाणं परत कधीतरी.

आम्हाला आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं, माझं केज तालुक्यातल्या एका गावात होतं. दिवाळी झाली की अर्धं गाव उचल घेऊन ऊसतोडीला जातं, मागं म्हातारी माणसं अन् लेकरं. तिथं पीएचक्यू-9 चा, म्हणजे नैराश्य किती आहे ते तपासायचा, मराठी फॉर्म भरून घ्यायचा होता. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला ते विचारायचं, शून्य ते तीन मार्क द्यायचे, बेरीज 27 पर्यंत जाते, जितकी जास्त तितका त्रास जास्त.

एक आजी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. पहिलाच प्रश्न, कामात आनंद वाटतो का. "कामात कसला आनंद माय, कापूस येचनं काय आनंदाचं असतंय का?" किती मार्क देऊ सांगा. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या नातवंडाच्या शाळेसाठी चारला उठावं लागतं. मग ‘निम्म्याहून जास्त दिवस’ विचारलं तर हसल्याच, म्हणे रडायचे दिवस कोन मोजतंय. शेवटचा प्रश्न मरणाचा, त्याला सरळ नाही म्हणाल्या. बेरीज आली पाच. मी फॉर्म पिशवीत टाकला, चप्पल घातली, तर मागून हळूच म्हणतात, "बाय, म्या हल्ली आडाकडं एकली जात न्हाई, पाय वढतेत तिकडं."

मी तशीच परत ओसरीवर बसले. मॅडमला फोन लावला, दुसऱ्या दिवशी आजींना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू आहेत, आता बऱ्या आहेत. पण फॉर्मवर पाचच होते ना.

फॉर्म वाईट आहे असं नाही, डॉक्टर पण वापरतात. पण आमच्या गावात नैराश्य कुणालाच होत नाही, टेन्शन येतं, जिवाला घोर लागतो, करमंना होतं, डोक्यात मुंग्या येतात, नाहीतर सरळ बाहेरचं होतं. अन् आम्ही परीक्षेला ‘चिंताविकृती’ अशी व्याख्या पाठ करून जातो. आमचे बरेच सर-मॅडम खूप चांगले शिकवतात हो, पण पुस्तकं इंग्रजी, मराठी नोट्स त्याचंच भाषांतर, अन् रोल प्लेमधला क्लायंट नेहमी पुण्यामुंबईतला आयटीवाला! सरकारनं 2015 ला शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखायला प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, 2022 पासून 14416 वर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन पण आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण फोनवरच्या माणसाला ‘पाय वढतेत’चा अर्थ लागला पाहिजे ना, तो माणूस आमच्यासारख्याच कॉलेजातून येणार आहे.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझं एवढंच म्हणणं आहे की प्रॅक्टिकलमध्ये इथल्या माणसांच्या बोलण्याला जागा द्या, मार्क द्या. वीस मार्काचं असलं तरी पोरं करतील. आम्ही चौघी मैत्रिणींनी एका दोनशे पानी वहीत असे शब्द लिहायला घेतलेत, कोणत्या गावात कोण कशाला काय म्हणतं, पाऊण वही भरली. कुणाला पाहिजे असेल तर झेरॉक्स देऊ, वही नाही देणार, अजून भरायलोत.

– एक विद्यार्थिनी, जि. बीड