मनगट दाखवलंस का?

मिरज, रविवार

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

काल तू आईला म्हणालीस, "बाबांना सांगू नकोस." आईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत असताना सांगितलंस, म्हणजे मला कळावं असंच तुला वाटत असणार. डाव्या मनगटातून अंगठ्याकडे कळ जाते, सकाळी वेणी घालतानाही दुखतं, आणि तरी तालीम संपली की रात्री पुन्हा गिटार घेऊन बसतेस.

फिरोदिया करंडकाच्या, त्या पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या टीममध्ये तू आलीस तेव्हा मी बँकेत पेढे वाटले. फिरोदिया म्हणजे काय ते निम्म्या लोकांना मलाच सांगावं लागलं, आणि मी ते दोन-दोनदा सांगितलं. तेव्हा वाजवू नकोस असं मी म्हणणार नाही. दुखत असताना वाजवू नकोस, एवढंच.

तुझा तो एफ कॉर्ड. पुढचं सगळं मी सांगलीच्या गिटारच्या सरांना विचारून लिहितोय. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या पहिल्या घरात, एका बोटाने सहाही तारा दाबायच्या (त्यालाच बार म्हणतात) तर जोर लागणारच, नट, म्हणजे गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी, अगदी शेजारी असल्यामुळे तार तिथे ताठ लागते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धर. ए मेजर होईल, पण कमी जोरात साफ वाजेल. एकेक तार छेडून कुठली बसकी येते ते बघ, मग सावकाश एकेक फ्रेट खाली ये. अंगठा गळ्यामागे नुसता टेकलेला हवा, आवळलेला नको. पट्टा आखूड कर, गिटार खाली लोंबली की मनगट जास्त मुडपतं. आणि ॲक्शन, म्हणजे गळ्यापासून तारांची उंची, तपासून घे. नटच्या खाचा उथळ असतील तर तारा उंच राहतात, मग बिचारं बोट तरी काय करणार?

तीन तास सलग बसू नकोस. वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठकी कर, सकाळ, दुपार, संध्याकाळ. थकलेली बोटं चुकीचं वाजवतात आणि हाताला तेच वळण लागतं. अडतेस ती दोनच आवर्तनं घे, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) ६० वर लाव, तीनदा न चुकता आलं की चार-पाचने वाढव. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत राहणं म्हणजे रियाज नव्हे. आणि झोप. दिवसा हात जे शिकतो ते झोपेत मुरतं, तू तीच मोडतेस. एवढी हुशार मुलगी आणि एवढं साधं...

पुन्हा सुरू झालं माझं व्याख्यान. राग मानू नकोस गं.

तुला सतारमेकर गल्लीतले चाचा आठवतात का? पाच वर्षांची होतीस. आत्याच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढत होते. घोडीवरून कानस अगदी हलकी फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा कानस. अर्धी सकाळ त्यातच गेली. तू दर मिनिटाला "झालं का?" विचारत होतीस. शेवटी त्यांनी तुझा तळवा भोपळ्यावर ठेवला आणि चारही तारा छेडल्या. तुझे डोळे एवढाले झाले! त्यानंतर कितीतरी दिवस तू घरातल्या प्रत्येक डब्याला कान लावत होतीस. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण तुझ्यासाठी कापून ठेवलंय.

काय सांगत होतो? हां, मनगट. रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. शूमान हा जर्मन संगीतकार, त्याला पियानोवादक व्हायचं होतं. ऐन विशीत उजव्या हाताचं बोट कायमचं अधू झालं आणि वादन सुटलं. तो पुढे मोठा झाला तो संगीत लिहून. एवढं लांब तरी कशाला जायचं? अण्णांचा तबला माळ्यावर का आहे ते तुला ठाऊक आहे. तुझ्या आजीसमोर हा विषय मी अजून काढलेला नाही.

टीमला स्पष्ट सांग. गाणं सी मध्ये असेल तर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पाचव्या फ्रेटवर लाव आणि जी, सी, डी धर. ऐकू तेच सी, एफ, जी येतील आणि बार लागणारच नाही. परीक्षक काही तुझं बोट मोजायला बसत नाहीत. तालमीत हात न लावता नुसतं ठेक्यावर कॉर्डचे बदल म्हणत बसलीस तरी उपयोग होतो, असं सर म्हणाले.

पैसे पाठवलेत. उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे जा, मलम चोळून वेळ काढू नकोस. कळ नेमकी कुठे येते ते बोटाने दाखव आणि रोज किती वेळ वाजवतेस ते खरं सांग. शनिवारी आम्ही दोघं कोयनेने येतोय. तोवर दाखवलं नसेल तर स्टेशनवरून थेट दवाखान्यात जाऊ. आईने कडबोळी केलीत, एकटीने संपवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. उजवा हात ठीक आहे ना? आईने त्याचं काही विचारलंच नाही.